तात का तुटत नव्हती

मागच्या हिवाळ्यात कॉलेजातले एक सर घरी आले. त्यांच्या पिशवीत अब्बांच्या लेखांच्या नकलांचा जाड गठ्ठा होता. अब्बांवर ते काहीतरी मोठं लिहीत होते. चटईवर अवघडून बसत त्यांनी विचारलं, "आजी, शाहीर स्वतः लिहीत असत का?" मी म्हटलं, "सांगायचे तेच." सरांनी ते वहीत टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. माझ्या उत्तरात खोटं काही नव्हतं, फक्त ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात सून चहा घेऊन आली, सर साखर कमी म्हणाले, आणि राहिलं ते राहिलं. माझं जन्मभर असंच झालं आहे. मी तोंड उघडेपर्यंत चहा येतो. म्हणून नातीच्या जुन्या वहीची कोरी पानं घेऊन बसले आहे. वहीला चहा द्यावा लागत नाही.

आमचं घर नंदुरबारात, पिंजाऱ्यांच्या गल्लीत. दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत आढ्याला दोरीने टांगलेली अब्बांची धनुकली, माणसापेक्षा लांब, तिला ताणून बांधलेली आतड्याची तात. अब्बा मांडी घालून बसायचे, तात कापसात बुडवायचे आणि लाकडी ठोकळा मारायचे. तुंय्‌ तुंय्‌ ताक, तुंय्‌ तुंय्‌ ताक. दिवसभर हाच आवाज. तो थांबला की आम्हाला वाटायचं कुणी पाहुणा आला, किंवा अब्बांना कवनाची ओळ अडली. कापसाचा भुगा सगळीकडे उडे, भुवयांवर बसे, पाण्याच्या माठात उतरे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावरून ताटात येईपर्यंत तिच्यावर पांढरी लव चढलेली असे. अम्मा ठेचा झाकून ठेवायची, तरी त्यातून तंतू निघायचे आणि आम्ही ते न बघता गिळायचो. शेजारणी म्हणायच्या, चांदभाईच्या घरात लेकरं जन्मतःच म्हातारी होतात. केस पांढरे, भुवया पांढऱ्या.

अब्बा पिंजारी होते हे गल्लीला माहीत होतं. बाकी सगळा मुलूख त्यांना शाहीर म्हणून ओळखे. ते कलगीवाले. आपल्याकडे कलगीवाले आणि तुरेवाले अशा शाहिरांच्या दोन बाजू असत आणि जत्रेत, बाजारात ते समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांना सवाल घालत. ज्याला जबाब आला नाही त्याने आपला डफ समोरच्याच्या हाती द्यायचा, अशी रीत होती. अब्बांचा डफ त्यांच्या आजोबांचा. घरात सगळ्यांत मऊ रजई होती ती डफाला. आम्ही पोतं पांघरायचो आणि आम्हाला त्यात वावगं वाटत नसे, कारण डफाला थंडी लागली की त्याचा आवाज बसतो आणि आमचा आवाज कुणी ऐकायला येत नव्हतं. कवनं अब्बा धनुकलीवरच जुळवायचे. तातीचा ठेका तोच कवनाचा ठेका. लिहिणं त्यांना येत नव्हतं, सहीपुरती चार अक्षरं यायची आणि तीही एकेक सुटी काढत.

टीकाकार ते कसे झाले, तर गप्प बसता येत नव्हतं म्हणून. दुसरा शाहीर गात असताना भले लोक मान डोलवतात, किंवा उठून जातात. अब्बा पुढच्या रांगेत बसून मोठ्याने बोलायचे. "यामा सरकी ऱ्हायनी!" म्हणजे, या ओळीत सरकी राहिली. "हाई गाठ सोड, मंग पुढे जाय!" त्यांचे सगळे शब्द कापसाचे. कच्च्या कवनाला ते सरकीचं कवन म्हणत, उगाच लांबवलेल्याला फुगवलेला कापूस. एकदा एका मोठ्या नावाच्या शाहिराला ते म्हणाले, "तुन्हा कवननी गादी व्हई, रजई नही व्हवाव." गादीला गाठाळ कापूसही चालतो, रजईला नाही. लोक हसून लोळले. तो शाहीर पुन्हा आमच्या बाजाराला आला नाही.

आमच्या मराठी शाळेच्या गुरुजींना हे फार आवडे. धुळ्याहून एक साप्ताहिक निघायचं, त्याच्या संपादकांशी त्यांची ओळख होती. ते एके दिवशी पडवीत येऊन म्हणाले, "चांदभाई, तुम्ही हे जे बाजारात ओरडता, ते छापायला पाहिजे."

अब्बा म्हणाले, "छापाले काय, पन लिखी कोन? मन्हा हातले तं फक्त धनुकली माहीत."

गुरुजींनी पडवीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात मी होते. "ही लिहील. हिचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर होतं. फक्त भिंग लागतं वाचायला."

ते खरं होतं. मी चौथीपर्यंत शिकले आणि चारही वर्षं मुंगीएवढं अक्षर काढलं, कारण मोठं काढलं तर गुरुजींना दिसेल, दिसलं तर ते उभं करून वाचायला लावतील, अशी मला धास्ती होती. पाचवीत गेले नाही याचं कारण लोक गरिबी समजत. खरं कारण असं की अम्माला माझी बोटं हवी होती, आणि मलाही उभं राहण्यातून सुटका हवी होती. दोघींचं जमलं.

तेव्हापासून दुपारी अब्बा पिंजता पिंजता सांगायचे आणि मी पाटीवर कच्चं, मग कागदावर पक्कं लिहायची. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो, मधे मधे हिंदी. अब्बा अहिराणीत सांगत आणि मी ते शाळेच्या मराठीत करी. ते म्हणत, "आवाज भला, पन कवनमा सरकी गैरी." मी लिही, "आवाज चांगला आहे. पण कवनात सरकी पुष्कळ आहे." माझी मराठी चौथीच्या पुस्तकातली. मोठे शब्द मला येत नव्हते, त्यामुळे मोठी वाक्यंही येत नव्हती. ते लेख छापून आले तेव्हा धुळ्याच्या विद्वानांनी संपादकांना पत्रं लिहिली की, या शाहिराची शैली किती नितळ, किती रोखठोक! गुरुजींनी ती पत्रं वाचून दाखवली. अब्बांनी मिशीवरचा कापूस झटकला. मी चुलीला फुंकर घालायला आत गेले. आत गेल्यावर हसले की काय ते आता आठवत नाही. हसले असेन तर आवाज केला नसेल.

पहिल्याच लेखात अब्बांनी एक नियम सांगितला होता आणि तो खूप गाजला. मी लिहिलेला मला अजून पाठ आहे. "सवाल पोथीतला घालू नये. पोथीतलं उत्तर कुणीही पाठ करतो. सवाल असा घालावा की ज्याचं उत्तर समोरच्याच्या घरात असेल आणि त्याला ते दिसलं नसेल." हा नियम अब्बांनी दुसऱ्यांसाठी केला होता. नियम करणारा माणूस स्वतःला बहुधा घराबाहेरच धरतो.

आता आमच्या घरात काय होतं ते सांगते. अब्बा पहाटे फजरची नमाज झाली की स्टेशनाजवळच्या हॉटेलात जायचे. तिथे गुळाचा चहा मिळे आणि ऐकणारे मिळत. ते परत येईपर्यंत अम्मा आणि मी आदल्या दिवशी आलेला कापूस घेऊन बसायचो. जुन्या गादीतला कापूस दगड झालेला असतो. तो बोटांनी सोडवायचा, एकेक गाठ मोकळी करायची. त्यातून सरकी निघे, काड्या निघत, केस, चिंचोके, बांगडीचे तुकडे. आणि सुया निघत. गाद्या शिवताना बायकांच्या हातून सुया आत निसटतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. तशी एक जरी सुई धनुकलीखाली गेली तर ताणलेली तात फटकन तुटते आणि समोरच्याचं तोंड फाडते. गल्लीतल्या दुसऱ्या एका पिंजाऱ्याच्या गालावर कानापासून ओठापर्यंत तशी खूण होती. अब्बांची तात झिजली की ते बदलत, पण वाजता वाजता तुटली असं बारा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. हे ते हॉटेलात सांगत. "हात पाहिजे, हात!" असं म्हणत उजवा हात वर करून दाखवत. अम्माच्या बोटांची टोकं चाळणीसारखी झाली होती. ती हात वर करून दाखवत नसे, कारण हातात कापूस असे.

एका हिवाळ्यात लोणखेड्याची एक बाई बैलगाडीतून गादीचा कापूस घेऊन आली. अब्बा नव्हते, म्हणून ती पडवीत बसून राहिली आणि आमचं काम पाहू लागली. तिच्या कापसात माझ्या बोटाला सुई टोचली, चांगली लांब, गोधडीची. अम्माने ती लाल चिंधीत टोचून तिच्या हातात दिली. बाईने तोंडावर हात मारला. "वं माय! हाई तं मन्ही सुई! दोन वरीस व्हयनात, मी सासूवर आळ घेयेल व्हता!" मग ती हसता हसता थांबली आणि अम्माला म्हणाली, "तुम्ही दोन्ही मायलेकी हाई रोज करतस?"

अम्मा म्हणाली, "आम्ही नही करं तं तात तुटी."

"आनि तुन्हा घरना मानूस?"

"त्याले वाटस, त्याना हात शे."

दोघी इतक्या हसल्या की मला पाणी आणायला उठावं लागलं. ती बाई तुरेवाल्या भिका शाहिराची बायको आहे, हे आम्हाला ती गेल्यावर गाडीवाल्याकडून कळलं.

त्याच सुमारास अब्बांना धुळ्याहून बोलावणं आलं. एका वाचनालयात त्यांचं भाषण झालं. ते शाल आणि नारळ घेऊन परतले. नारळ आम्ही खाल्ला. शाल डफाला मिळाली. शब्द मात्र अब्बांनी स्वतःजवळ ठेवले. प्रतिभा, रसनिष्पत्ती, नाद आणि अर्थ. दुसऱ्या दिवशी दुपारी सांगता सांगता ते थांबले आणि म्हणाले, "आते 'सरकी' लिखू नको. 'दोष' लिख." मी सरकी खोडून दोष लिहिलं. पुढच्या ओळीत गाठ होती, तिथे 'क्लिष्टता' लिहायला सांगितलं, तो शब्द मला येईना म्हणून तिथे मी जागा सोडली, ती गुरुजींनी भरली. हळूहळू लेखांत मी कमी उरले आणि गुरुजी वाढले. मग विद्वानांची पत्रं येईनाशी झाली. त्यांना वाटलं असावं की शाहीर आता आपल्यासारखंच लिहितो, तर त्याचं वाचायचं कशाला? अम्मा एकदा चुलीपाशी म्हणाली, "तुन्हा बाप आजकाल कापूस पिंजस का वारा पिंजस, तेच समजत नही." घरातली खरी टीका चुलीपाशी व्हायची. ती छापायला कुणी मागितली नाही.

अशाच एका वारेदार लेखात अब्बांनी भिका शाहिराच्या कवनांची चिरफाड केली. भिकाला वाचता येत नव्हतं. त्याने लेख कुणाकडून तरी वाचून घेतला, मग म्हणे अब्बांचे जुने लेखही मागवून ऐकले, अगदी पहिल्यापासून. आणि निरोप पाठवला: बाजाराच्या दिवशी समोर बसा.

त्या दिवसांत महायुद्ध चालू होतं आणि रॉकेल मिळत नव्हतं. बत्त्या पेटवणार कशाने? म्हणून सामना भर दुपारी ठेवला. जागा गावाबाहेर, जिथे मिरच्या वाळत घालतात त्या पथाऱ्यांशेजारी. एका बाजूला लालभडक जमीन लांबवर पसरलेली, दुसऱ्या बाजूला मांडव. वारा फिरला की दोन्ही बाजूंची माणसं एकदम खोकायची आणि कलगी-तुऱ्याचं भांडण तेवढ्यापुरतं मिटायचं. बायका बैलगाड्यांच्या आडोशाला बसल्या होत्या. अम्मा आणि मी एका पोत्यावर. पंच म्हणून बाजारातले एक म्हातारे पाटील. रीत अशी की सवाल घालणाऱ्याने आधी उत्तर पंचाच्या कानात सांगायचं. पाटील एका कानाने बहिरे होते, त्यामुळे आधी कोणता कान हे ठरवण्यात वेळ गेला. आणि दुसरी रीत अशी की जबाब देणाऱ्याला तीन पाळ्या. त्या तीन पाळ्यांत त्याच्या बाजूचं कुणीही माणूस उठून उत्तर सांगू शकतं, मग ते त्याचंच धरतात. बाई असो, पोर असो.

पहिला सवाल अब्बांचा. त्यांनी धुळ्याचा माल काढला. नाद आधी की अर्थ आधी, आणि दोघांचं नातं काय? भिका शाहिराने डफ वर केला, म्हणाला, "चामडं आनि कडं. एक ढिलं पडं की दुसरं मुकं." लोकांनी टाळ्या पिटल्या. अब्बांनी पंचाच्या कानात सांगितलेलं उत्तर बरंच लांब होतं. पाटील म्हणाले, "माले ते समजनंच नव्हतं. यानं समजनं. याले पास."

मग भिका उठला. काळा, ठेंगणा, डोक्याला भलं मोठं पागोटं. तो आधी साधं बोलला. "शाहीर, तुम्हीच लिखेल शे ना, सवाल घरना पाहिजे?"

"मीच लिखेल शे," अब्बा ताठ बसून म्हणाले. मी पोत्यावर मान खाली घातली.

"मंग आयका." आणि त्याने डफावर थाप मारली.

"बारा वरीस वाजी ऱ्हायनी धनुकलीनी तात,
तुटनी नही एक डाव, राखे कोना हात?
पोथी नको, पुरान नको, नको आभायनी बात,
जबाब शोध शाहीर तू, शे तुन्हाच घरात!"

मी अम्माकडे पाहिलं. ती समोर बघत पान चघळत होती.

अब्बा हसले. असा सोपा सवाल! त्यांनी गळा साफ केला आणि गायले की गुरूचा हात तातीवर आहे, आजोबांपासून चालत आलेला. पाटलांनी मान हलवली, नाही. पहिली पाळी गेली. अब्बांनी कपाळ पुसलं. दुसऱ्या पाळीला ते वर गेले, वरच्याचा हात, ज्याने कापूस केला आणि वारा केला. गायले सुरेख, लोकांचे डोळे भरले. पाटलांचेही भरले. तरी मान हलली, नाही.

मी अम्माचा पदर ओढला. "अम्मा, सुया. सुयासनं उत्तर शे."

"माले माहीत शे."

"मंग सांग ना! डफ जाई!"

अम्माने पान या गालातून त्या गालात घेतलं. "मी कसाले सांगू? बारा वरीसमा त्यासनी इचारं का माले? आज सवाल त्यासले घाली ऱ्हायना, माले नही." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तुले सांगनं व्हई तं ऊठ. सांग. मी काय तुन्हं तोंड धरेल नही."

तिसरी पाळी सुरू झाली होती. अब्बांचा उजवा हात डफावर होता. आजोबांचा डफ. मी मनात वाक्य जुळवलं. अब्बा, सुया अम्मा काढते. तीन-चार शब्द. त्याहून मोठी वाक्यं मी त्यांच्यासाठी शेकड्यांनी लिहिली होती. मी गुडघ्यांवर आले. मग एक पाय टेकवला. मग खरोखरच उभी राहिले. तोंड उघडलं. मांडवातून अब्बांनी या बाजूला पाहिलं असं मला वाटलं.

मागून एक बाई ओरडली, "बठ ना वं पोरी! काही दिखत नही!"

आणि मी बसले.

मला आजवर अनेकांनी अनेक गोष्टी करायला सांगितल्या, पण इतक्या तत्परतेने मी कुणाचं ऐकलं नाही. अब्बांनी तिसरा जबाब दिला, प्रतिभा. तो शब्द बाजारात कुणाला कळला नाही. पाटलांनी चांगला कान पुढे केला, पुन्हा विचारलं, आणि मान हलवली.

भिका शाहिराने पागोट्याच्या पिळात हात घातला आणि लाल चिंधी बाहेर काढली. चिंधीत सुई. उन्हात ती चमकली. त्याने गाणं सोडून साध्या बोलण्यात सांगितलं की ही सुई माझ्या बायकोच्या गादीतून निघाली, चांदभाईच्या धनुकलीखाली जायच्या आधी. अशा सुया त्यांच्या घरातल्या बायका बारा वर्षं काढताहेत. तात त्यांच्या बोटांनी राखली. "मन्ही बायकोनी देखं, तिनीच माले सांगं. सवाल तिना शे, गळा मन्हा." गाड्यांच्या पलीकडे ती लोणखेड्याची बाई पदरात तोंड लपवून बसली होती. मला वाटतं त्या मांडवात माझ्याइतकं लाजलेलं तेवढंच एक माणूस होतं.

अब्बांना हे माहीत नव्हतं असं नाही. रोज मोकळा कापूस त्यांच्यासमोर येई, तो काय आपोआप मोकळा होत होता? त्यांना माहीत होतं, पण उत्तर म्हणून माहीत नव्हतं. त्यांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग डफ कपाळाला लावला आणि भिकाच्या हातात दिला. शालीसकट. घरी येताना त्यांचे डोळे लाल होते. विचारणाऱ्यांना ते सांगत होते, मिरची. मिरची होतीच म्हणा.

दुसऱ्या दिवशी ते हॉटेलात गेले नाहीत. आम्ही कापूस घेऊन बसलो तसे खांबाला टेकून बघत राहिले. बऱ्याच वेळाने पुढे सरकून त्यांनी एक मूठ कापूस घेतला आणि आमच्यासारखा सोडवू लागले. मोठी बोटं, सारखी अडकत होती. झाल्यावर त्यांनी तो अम्माच्या ढिगावर ठेवला. अम्माने तो उचलला, उजेडात धरला आणि परत त्यांच्यापुढे टाकला.

"सरकी ऱ्हायनी."

अब्बांनी ती काढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाटी आन. लिख."

त्यांनी स्वतःच्याच हारीवर टीका सांगितली. धनुकली बंद होती, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता. सवाल कसा गाठ न मारता विणलेला होता, आपले तिन्ही जबाब कसे फुगवलेला कापूस होते, कुठे कुठे सरकी होती, तात कशी घरातल्या बोटांनी राखली, सगळं. दोष नाही, सरकी. गुरुजींसाठी एकही जागा सोडावी लागली नाही. शेवटी त्यांनी मांडीवरचा कापूस झटकला. मग म्हणाले, "लिख. जबाब मांडवमाच व्हता. बायकासमा बठेल व्हता. उठना, आनि परत बठी गया."

माझी पेन्सिल थांबली.

"लिखं का?"

"लिखं."

"मंग जोरमा वाच."

मी वाचलं. जन्मात पहिल्यांदा मोठ्याने, दोन माणसांपुढे. ते वाक्य आलं तेव्हा आवाज फुटला, पण थांबले नाही. अब्बांनी त्याबद्दल मला तेव्हा काही विचारलं नाही आणि पुढे कधीही विचारलं नाही. अम्मा मात्र म्हणाली, "बोटे बोटे काय लिखी ऱ्हायनात? बोटेसले काही नाव नही का?"

"लिख," अब्बा म्हणाले, "जैतूनबी. आनि तिना खाले तुन्हं नाव लिख."

मी दोन्ही नावं लिहिली. आमचा डफ लोणखेड्यातच राहिला. तो परत जिंकायला अब्बा कधी बसले नाहीत. गाणं सुटलं आणि टीकाकार म्हणून मात्र त्यांचं नाव दूरवर गेलं, ते या लेखाने. माझं लग्न होईपर्यंत सगळे लेख मीच लिहिले. हा लेख छापून आला तेव्हा नावांच्या जागी एक ओळ होती. "स्थलाभावी थोडा घरगुती मजकूर गाळला आहे." अम्माने ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि तो कागद लोणच्याच्या बरणीखाली घातला.

त्या कॉलेजातल्या सरांचा शेवटचा प्रश्न याच लेखाबद्दल होता. "जबाब मांडवातच होता, उठला आणि परत बसला," हे वाक्य त्यांनी दोन वेळा वाचलं. म्हणाले, यावर बरीच चर्चा आहे, आजी. काहींच्या मते हा जबाब म्हणजे श्रोत्यांच्या मनातली सुप्त कविता. तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, मला काय कळतंय, मी चौथी शिकलेली. ते समजुतीने हसले आणि कप खाली ठेवून उठले.

इथे जागेची अडचण नाही, तीन पानं उरली आहेत. म्हणून गाळलेला मजकूर लिहून ठेवते. तात राखणारी पहिली बोटं जैतूनबीची. दुसरी सकीनाची. दुसरं नाव बारीक अक्षरात आलं आहे. दिसलं नाही तरी चालेल.